डोकेदुखीची गोळी

फॉर्मवरचा तो रकाना जेमतेम दोन बोटं रुंद होता. "सध्या चालू असलेली औषधे." मी त्यात थायरॉइडची गोळी लिहिली, डोस लिहिला, आणि पेन तसंच कागदावर टेकवून उभी राहिले, शाईचा एक ठिपका झाला, तो हळूहळू मोठा होत गेला, आणि मग मी पान उलटून सही करून टाकली. दुसरी गोळी लिहिलीच नाही. डिप्रेशनची, सर्ट्रालिन, ५० मिलिग्रॅम, रोज सकाळी नाश्त्यानंतर, दोन वर्षं झाली. लिहायला पाच सेकंद लागले असते. त्या ठिपक्याचं मला अजून काहीतरी होतं, म्हणजे तो फॉर्म आता कुठल्यातरी कपाटात असेल, त्यावर तो ठिपका असेल, आणि तो कशाचा आहे हे फक्त मला माहितीये.

गोष्ट ऑफिसच्या कामाची. नवीन प्रोजेक्ट मिळत होता, क्लायंट अमेरिकेतली एक बँक, आणि अशा प्रोजेक्टवर घ्यायच्या आधी लघवीची ड्रग टेस्ट करतात हे पुण्यात आयटीत असलेल्या कुणाला सांगायला नको. बाणेरमधली एक छोटी लॅब होती, सकाळी साडेआठला पोचले, खाली वडापावच्या गाडीवर तेल तापल्याचा वास आणि वर गेलं की एकदम फिनेल. काउंटरवरचा मुलगा पंचविशीचा असेल, अतिशय सभ्य, मान वर न करता बोलत होता. "मॅडम, पर्स इथे ठेवा. जॅकेट पण. आत नळाला पाणी नसेल, फ्लश करू नका, झालं की डबी लगेच माझ्याकडे द्या." आत गेले तर कमोडमधलं पाणी निळं. आपण उजाल्यात कपडे काढतो ना, तसलं निळं. कुणी डबीत ते पाणी मिसळलं तर रंगावरून कळावं म्हणून. डबीला बाहेरून एक पट्टी चिकटवलेली, तापमानाची. बाहेर येऊन डबी दिली की तो मुलगा घड्याळ बघतो, चार मिनिटांच्या आत ती पट्टी ३२ ते ३८ डिग्रीच्या मधे दिसायला हवी, नाहीतर ही लघवी आत्ता या बाईच्या अंगातून आलेली नाही असं धरायचं. माझी हिरवी दिसली. त्याने झाकणावरून सील लावलं, त्यावर माझी सही घेतली. डबीची ऊब माझ्या बोटांना नंतर बराच वेळ जाणवत राहिली, किंवा मला तसं वाटत राहिलं.

चोर समजूनच सगळी व्यवस्था केलेली असते, त्यात त्या मुलाचा काही दोष नाही.

आदल्या रात्री मी दोन वाजेपर्यंत मोबाइलवर हेच शोधत बसले होते, की डिप्रेशनची गोळी लघवीत दिसते का. आणि जे कळलं त्याने जीव भांड्यात पडला होता. या टेस्ट अँटीडिप्रेसंट शोधतच नाहीत. दहा पॅनल म्हणतात त्यात गांजा, कोकेन, अफूच्या जातीची औषधं, अ‍ॅम्फेटामिन, बार्बिट्युरेट, बेंझोडायझेपिन असं सगळं असतं, सर्ट्रालिन नसतं. शिवाय सर्ट्रालिनची मूळ गोळी लघवीत उतरतच नाही म्हणे, लिव्हर तिचे आधीच वेगळे तुकडे करून टाकतं आणि तेच काय ते बाहेर पडतात. म्हटलं, चला, कुणी विचारत नाहीये, दिसणार नाहीये, मग आपण होऊन कशाला लिहा. त्या रकान्यात गप्प बसायचं बळ मला त्या वाचनातून आलं होतं.

पाच दिवसांनी फोन आला. मी बसमध्ये होते, वाकडच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकलेली, शेजारच्या सीटवर एक मुलगी डब्यातला पोहा खात होती. व्हेरिफिकेशनवाल्यांकडून एक बाई बोलत होत्या. "मॅम, तुमच्या सॅम्पलमध्ये बेंझोडायझेपिन नॉन-निगेटिव्ह आलंय. तुम्ही झोपेची वगैरे काही गोळी घेता का?" पॉझिटिव्ह म्हणत नाहीत ते, नॉन-निगेटिव्ह म्हणतात. मी नाही म्हणाले. "शुअर, मॅम?" मी परत नाही म्हणाले. "फॉर्मवर तुम्ही फक्त थायरॉइड लिहिलंय." हो. आणि त्या हो नंतर जी शांतता झाली ना, त्यात मला पोह्यातल्या लिंबाचा वास एकदम असह्य झाला.

खरं तर अगदी सुरुवातीला, दोन वर्षांपूर्वी, डॉक्टरांनी क्लोनाझेपाम दिली होती, ती बेंझोडायझेपिनच. आपल्याकडे बऱ्याचदा देतात तशी, कारण डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला दोन-चार-सहा आठवडे लागतात आणि तोवर माणसाने झोपायचं कसं. सहा आठवडे घेतली, मग अर्धी, मग पाव, मग बंद. घरी येऊन मी चप्पल न काढता आधी ते ड्रॉवर उघडलं. जुन्या स्ट्रिपमध्ये चार गोळ्या राहिल्या होत्या हे मला पक्कं आठवत होतं. मोजल्या. चारच होत्या. परत मोजल्या. मी स्वतःच घेतल्या नाहीत हे मला स्वतःलाच सिद्ध करायला लागत होतं, झोपेत उठून घेतली का, कधीतरी विसरून घेतली का. एका कागदावरचा शब्द ऐकून मी स्वतःवर संशय घेतला, याचं मला नंतर जास्त वाईट वाटलं.

आमच्याकडे लघवी तपासायला द्यायची म्हणजे एक कार्यक्रम असायचा. सातारला लहानपणी बाबा स्वतःची शुगर तपासायला न्यायचे ती बाटली कफ सिरपची, आईने उकळत्या पाण्याने दोनदा धुतलेली, वरून पेपर गुंडाळून रबर लावलेलं. सायकलच्या पिशवीत बाटली आणि बाबा अगदी सावकाश पॅडल मारत चाललेत. वाटेत कोण भेटलं तर पिशवी हँडलच्या पलीकडच्या बाजूला जायची. पण ती लाज वेगळी होती, नुसती संकोचाची. बाबांना शुगर आहे हे आख्ख्या आळीला माहीत होतं, लग्नात वाढपी सुद्धा त्यांच्या पानात जिलबी वाढताना थबकायचे.

आत्तीच्या गोळीचं तसं नव्हतं.

आत्ती कराडला असायची, मे महिन्यात मी तिच्याकडे महिनाभर. जाडजूड वेणीचा अंबाडा, हातात हिरव्या बांगड्या, आणि कायम खडीसाखर तोंडात. तिची गोळी रात्रीची असायची, देवघराच्या फळीवर, उदबत्तीच्या रिकाम्या पुड्यात. "जा गं बाय, माझी डोकेदुखीची गोळी आण," असं ती दिवे घालवायच्या आधी म्हणायची आणि मी आणायची, मला ते काम माझं वाटायचं. पुड्यातून काढली तरी तिला उदबत्तीचा वास असायचा. काकांसमोर नाही आणायची, ते बाहेर पडवीत गेले की. पाहुणे असले तर ती त्या दिवशी गोळी मागायचीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठायची नाही, तेव्हा चुलतसासू म्हणायची, हिचं डोकं उठलंय. मला खरंच डोकं दुखण्याचीच गोळी वाटायची. आणखी एक आठवतं. रात्री तिला परसातल्या संडासात जायचं असलं की बॅटरी घेऊन मी सोबत. मी बाहेर उभी, अंधार, पेरूच्या झाडात वटवाघळं, आणि आत आत्ती किती वेळ. "आत्ती, झालं का?" "थांब गं, उतरंना झालीय." पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला भीती वाटायची आणि राग यायचा. तिचं तोंड कोरडं पडायचं म्हणून खडीसाखर, आणि लघवी उतरायची नाही, हे दोन्ही त्या एकाच गोळीचं होतं हे मला कळायला बरीच वर्षं गेली. ती गेल्यावर तिच्या सामानात एक रिकामी स्ट्रिप निघाली, पत्र्याच्या डब्यात, हळकुंडांच्या खाली. अमिट्रिप्टिलीन, २५ मिलिग्रॅम. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते, नाव लिहून घेतलं आणि हॉस्टेलला येऊन शोधलं. जुन्या पिढीतलं अँटीडिप्रेसंट. कोरडं तोंड, बद्धकोष्ठ, लघवीला अडचण. यादी वाचताना मला ती बॅटरी आठवली.

तर फोनच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, ते सर्ट्रालिनमुळे." इतकं साधं. गोळीच्या माहितीपत्रकातच लिहिलंय म्हणाल्या, की ही गोळी चालू असली तर लघवीच्या पहिल्या टेस्टमध्ये बेंझोडायझेपिन खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं, बंद केल्यावरही काही दिवस येऊ शकतं. एकट्या सर्ट्रालिनचं नाही हे, डिप्रेशनच्या दुसऱ्या गोळ्यांचंही, ब्युप्रोपिऑन घेणाऱ्याला अ‍ॅम्फेटामिन दिसू शकतं, ट्रॅझोडोनने पण तेच, व्हेनलाफॅक्सिनने पीसीपी नावाचं नशेचं ड्रग दिसू शकतं, म्हणजे जे ड्रग त्या माणसाने जन्मात कधी पाहिलेलं पण नसेल ते. मी टेस्टच्या आदल्या रात्रीच्या त्या वाचनात हे वाचलंच नव्हतं, कारण माझा प्रश्न एकच होता, माझी गोळी सापडेल का. ती दुसऱ्याच नावाने सापडेल असं डोक्यातही आलं नव्हतं.

असं का होतं ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पहिली टेस्ट स्वस्तातली आणि झटपट होणारी असते, तिच्यात अँटीबॉडी वापरतात, ती रेणूच्या आकारावरून ओळखते. समोर बरोबर तोच रेणू असायला पाहिजे असं नाही, तिच्या लेखी तसला दिसला तरी ती चिकटते. हे ऐकताना मला स्वारगेट आठवलं. आत्ती जाऊन वर्ष झालं असेल, मी सातारा गाडीच्या लाइनीत होते आणि पुढे चार माणसं सोडून एक बाई पाठमोरी, तसाच अंबाडा, तशीच आखूड मान, पदर तसाच खोचलेला, आणि मी जोरात हाक मारली, आत्ती. माझ्या तोंडून ती निघूनच गेली. बाई वळल्या, चेहरा पूर्ण वेगळा, चष्मा, कपाळ मोठं. मी सॉरी म्हणाले आणि त्या म्हणाल्या असू दे, पण माझ्या पोटात जे झालं ते गाडी कात्रजच्या घाटात चढेपर्यंत गेलं नाही. त्या अँटीबॉडीचं तसंच. पाठमोरं बघून हाक मारते. चूक कुणाची म्हणायची यात. फक्त मग कुणीतरी त्या बाईला वळवून चेहरा बघायला हवा, त्यासाठी दुसरी टेस्ट असते, गॅस क्रोमॅटोग्राफी मास स्पेक्ट्रोमेट्री. तीत मिश्रणातले रेणू आधी वेगळे करतात, मग प्रत्येकाचे तुकडे करून त्या तुकड्यांचं वजन बघतात, आणि तिथे सर्ट्रालिन ते सर्ट्रालिन आणि क्लोनाझेपाम ते क्लोनाझेपाम. ती महाग, वेळ लागतो, मशीन सगळीकडे नसतं. म्हणून पहिल्या टेस्टवरच लोक थांबतात. आणि मधल्या त्या दिवसांत माणसाने काय करायचं याला कुठल्या फॉर्मवर रकाना नसतो.

डॉक्टरांना मी विचारलं, तुम्ही कधी माझी लघवी-रक्त का नाही तपासलंत, मी गोळी घेते का नाही ते बघायला? त्या म्हणाल्या, लिथियम चालू असेल तर रक्तातली पातळी बघावीच लागते, शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी, कारण तिथे थोडं जास्त झालं तरी विष होतं. तुझ्या गोळीला गरज नाही. आणि मग म्हणाल्या, "मी विचारते ना तुला दर वेळी, गोळी चुकते का." खरंच, दोन वर्षं दर भेटीत तो प्रश्न असतो, आणि मी आठवून सांगते, दिवाळीत दोन दिवस चुकली, गावाला गेले तेव्हा एकदा, आणि त्या ते लिहून घेतात. नुसतं माझं तोंडी उत्तर, पेनने लिहिलेलं. मला तिथे त्यांच्या टेबलापाशी रडू आलं. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं तर मला सांगता आलं नाही.

निघताना मी आत्तीच्या स्ट्रिपचं सांगितलं, कधीच सांगितलं नव्हतं. घरात कुणीतरी होतं का असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं तेव्हा मी हो, आत्याला डिप्रेशन होतं, असं ठामपणे सांगितलेलं, ते केसपेपरवर लिहिलंय पण. स्ट्रिपचं ऐकून त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, "अमिट्रिप्टिलीन मायग्रेनला पण देतात हं. डोकेदुखी वारंवार येऊ नये म्हणून, कमी डोसमध्ये, रात्रीची." मज्जातंतूच्या दुखण्याला देतात. इमिप्रामिन, तिच्याच जातीची, ती अंथरूण ओलं करणाऱ्या लहान मुलांना देतात. ड्युलोक्सेटिन डायबेटिसवाल्यांना पायाच्या आगीसाठी देतात. स्ट्रिपवरून आजार नाही कळत.

म्हणजे आत्तीला खरंच मायग्रेन असेल. बंद खोलीत दुपारपर्यंत झोपायची ती, उजेड नको म्हणायची. डोकेदुखीची गोळी म्हणायची ती खरंच डोकेदुखीचीच असेल, आणि मी वीस वर्षं तिला माझी समजत आले. मला आजार झाला तेव्हा पहिला आधार तिचाच वाटला होता, की हे आपल्यात आहे, आपल्या रक्तात आहे, आत्तीने कसं निभावलं, आपण निभावू. मी पण हाकच मारली होती पाठमोरं बघून. पण मग काकांसमोर का नाही? उदबत्तीच्या पुड्यात का? मायग्रेनची गोळी कोण लपवतं? का बाईने रोज गोळी घेणं हेच लपवण्यासारखं होतं त्या घरात, कशाची का असेना? तिच्या सासऱ्यांना टीबी होता, मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये होते ते, आणि त्याबद्दलही घरात "ते हवापालटाला गेले होते" असंच म्हणत. डिप्रेशनच्या औषधांची सुरुवात टीबीच्या औषधापासूनच झाली हे मी अलीकडे वाचलं, १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात आयप्रोनियाझिड देऊन बघत होते तर मरणाला टेकलेल्या पेशंटना हुरूप यायला लागला, जेवायला लागले, बोलायला लागले. इमिप्रामिनचं कळलं ते १९५६-५७ च्या सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये, रोलँड कून नावाच्या डॉक्टरांना. एक लपवायचा आजार बरा करता करता दुसऱ्याचं औषध निघालं, आणि आमच्या त्या एका घरात दोन्हींना दुसरंच नाव होतं. किंवा नव्हतं. मला माहीत नाही.

चिठ्ठी पाठवा म्हणाले व्हेरिफिकेशनवाले. डॉक्टरांच्या लेटरहेडवर नावाखाली ठळक अक्षरात "मनोविकारतज्ज्ञ". मी जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून फोटो काढत होते आणि दर फोटोत माझा अंगठा त्या शब्दावर येत होता, मुद्दामच, पण पहिल्या दोनदा मला वाटलं चुकून. मग क्रॉप करून बघितलं तर वरचा भाग गेला की रजिस्ट्रेशन नंबर पण जातो, आणि तो त्यांना हवा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, तेविसाव्या कलमात, आजार आणि उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलाय, काही अपवाद सोडले तर डॉक्टर तोंड उघडू शकत नाहीत. पण मीच पाठवतेय म्हटल्यावर कायदा तरी कुठे आडवा येणार. खरं सांगायचं तर मला त्या बाईंचा राग होता की यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि त्याच वेळी हे पण कळत होतं की मी त्यांना खरं सांगितलं नव्हतंच. झोपेची गोळी घेत नाही हे खरं. पण त्याच्या आधी फॉर्मवर सही आहे माझी. दोन्ही एकदम वाटतं, अजूनही, आणि त्यातलं एक मोठं करून दुसरं मिटवता येत नाही. अंगठा काढून फोटो काढला आणि पाठवला.

अकरा दिवसांनी मेल आली, दुसऱ्या टेस्टमध्ये काही निघालं नाही, क्लिअर. एका ओळीची मेल. प्रोजेक्ट मिळाला. मॅनेजर काहीच बोलला नाही, त्याला किती कळलं मला माहीत नाही, मी त्याच्या चेहऱ्याकडे पंधरा दिवस बघत होते.

दिवाळीत सातारला गेले. बाबा मागच्या पायरीवर ओल्या शेंगा फोडत बसले होते, ऊन पाठीवर घेऊन, शुगरमुळे हल्ली त्यांच्या बोटांना मुंग्या येतात म्हणून एक शेंग फोडायला वेळ लागतो. मी शेजारी बसले, टरफलांचा मातीचा वास. म्हणलं, बाबा, आत्तीची ती रात्रीची गोळी कशाची होती हो? त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे ताटलीत टाकले. "डोकं दुखायचं ना तिचं." मग बराच वेळ काही नाही. पलीकडे कुणीतरी लवंगीची माळ लावली, ती संपेपर्यंत ते थांबले. "लई दुखायचं," म्हणाले. मी वाट बघितली पण पुढे काही आलं नाही, आणि त्या दोन शब्दांत काय होतं ते मला त्यांच्या तोंडाकडे बघूनही वाचता येईना.

"तू का विचारतीस?"

सकाळीच मी स्वयंपाकघरात त्यांच्याकडे पाठ करून गोळी घेतली होती. बाणेरच्या त्या लॅबला माहितीये, व्हेरिफिकेशनवाल्या बाईंना माहितीये, ज्या बँकेचं नाव बाबांना धड उच्चारता येणार नाही तिच्याही कुठल्या फायलीत असेल. मी म्हणलं, सहज.

बाबांनी ताटलीतली दाण्यांची मूठ माझ्या हातावर ठेवली आणि पुढची शेंग घेतली.